पुढची फरशी

दुपारी 12 च्या आत विम्याच्या दाव्याचा फॉर्म जायला हवा होता आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते. बाबांच्या हॉस्पिटलच्या बिलांची पानं टेबलभर पसरलेली. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल अक्षरांत तीच ओळ तिसऱ्यांदा आलेली: फाइल अपलोड होऊ शकली नाही. आतल्या खोलीतून बाबा हाक मारत होते. मोबाइल थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होता, ऑफिसचा नंबर. आणि मी माउसचं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होते.

मग मी हात उचलला. दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले आणि म्हटलं, "देवा, आता काय करू? फक्त पुढचं एक सांग."

मनात आलं ते एवढंच: आधी बाबांकडे जा.

खरं सांगायचं तर हे उत्तर मला नको होतं. मला फॉर्मबद्दल काहीतरी हवं होतं. तरी उठले. बाबांची उशी खांद्याखालून सरकली होती आणि मान अवघडली होती. उशी नीट केली, त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट दाबलं. सगळी मिळून दोन मिनिटं गेली असतील. परत येऊन बसले आणि फॉर्मच्या वरची सूचना वाचली, पहिल्यांदाच शेवटपर्यंत. आकाराची मर्यादा एकेका फाइलसाठी होती. मी 14 पानं एकत्र जोडून पाठवत होते. त्याचे तीन भाग केले. 11 वाजून 52 मिनिटांनी पोच आली.

फॉर्म वेळेत गेला म्हणून हे लिहीत नाहीये. पुढे महिन्याभरानं त्याच दाव्यात त्रुटी निघाली आणि सगळे कागद पुन्हा जोडावे लागले. तेव्हाही मी देवाला विचारलं होतं आणि तेव्हा काहीच सोपं झालं नाही. लिहावंसं वाटलं ते त्या दोन मिनिटांबद्दल. तळवे टेबलावर ठेवल्यापासून सूचना नीट वाचेपर्यंतच्या वेळात नेमकं काय घडतं, हे गेले आठ महिने मी रोज पाहते आहे, कधी कधी दिवसातून दहा वेळा.

आठ महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचेवर घाला आला. त्यांना सगळं समजतं, सांगायचं काय तेही ठाऊक असतं, पण शब्द वाटेत अडकतो किंवा भलताच बाहेर येतो. डॉक्टर त्याला ॲफेझिया म्हणतात. पहिले आठ-दहा दिवस आयसीयूच्या दाराबाहेर गेले, आणि त्या दिवसांत प्रार्थना करायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. तिथं सगळेच करत होते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांचे ओठ हलताना दिसायचे.

अवघड गेलं ते नंतरचं. बाबा घरी आले, मोठं संकट टळलं असं सगळे म्हणाले, आणि मग सुरू झाली बारीकसारीक कामांची रांग. गोळ्यांच्या वेळा. विम्याचे कागद. बँकेत सही जुळेना, कारण आता ते डाव्या हातानं सही करतात. ऑफिसची कामं, त्यात वर्षअखेर. फिजिओथेरपीची वेळ आणि माझ्या मीटिंगची वेळ एकच. यातलं एकही काम असं नव्हतं की ज्यासाठी कुणी देवाचा धावा करावा. पण माणूस मोडतो तो अशाच कामांनी. आयसीयूबाहेर मी रडले नव्हते. बाथरूमच्या नळाचा वायसर गेला त्या सकाळी रडले.

आपल्याकडे एक वाक्य फार ऐकू येतं: "एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला कशाला त्रास द्यायचा?" ऐकायला नम्र वाटतं. मीही ते वर्षानुवर्षं म्हणत आले. आता वाटतं, त्या नम्रतेच्या तळाशी वेगळंच काहीतरी असतं. मोठं ते देवाचं आणि लहान ते माझं, अशी वाटणी आपणच करून टाकलेली असते. आणि दिवसाचे जवळपास सगळे तास लहान गोष्टींतच जात असल्यामुळे देवाच्या वाट्याला प्रत्यक्षात काही उरतच नाही. जनाबाईनं ही वाटणी मान्य केली नव्हती. "दळितां कांडितां तुज गाईन अनंता" असं ती म्हणते, तेव्हा दळण संपवून मग गाईन असं म्हणत नाही. जात्याचा खुंटा हातात असतानाच. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईकडे त्याखेरीज वेळ तरी कुठला होता? जो वेळ होता, त्यातच तिनं देवाला बोलावलं.

बाबांना शब्द सापडत नाहीत, पण अभंग येतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच. स्पीच थेरपिस्टनं सांगितलं, असं होतं. रोजचं बोलणं हरवलेल्या माणसालाही पाठ असलेलं आणि चालीवर म्हटलेलं पुष्कळदा साधतं, कारण गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. "पाणी" हा शब्द ज्यांना सापडत नव्हता ते बाबा एका संध्याकाळी सावकाश, अडखळत, पण चालीत म्हणाले:

जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती ।
चालविसी हातीं धरूनियां ॥

लहानपणापासून कानावर पडलेल्या ओळी. इतक्या ओळखीच्या की त्यांत काय म्हटलंय याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी गेलं. तुकोबा म्हणत नाहीत की तू मला वाट दाखवतोस. वाट दाखवणारा लांबून बोट दाखवून मोकळा होतो. इथं हात धरलाय आणि चालवणं चाललंय. ज्याचा हात धरलेला असतो त्याला पुढचं वळण दिसायलाच हवं असं नाही, हाताला लागलेली ओढ कळली की पुरतं. आणि हे लिहिणारा माणूस संसाराच्या कटकटी ठाऊक नसलेला नव्हता. वाण्याचं घर, दुकान, वहीखाती, सावकारी. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं. देणेकरी दारात उभे राहणं म्हणजे काय, हे त्यांनी सोसलं होतं. म्हणून "सांगाती" हा शब्द त्यांच्या तोंडी मला जड वाटतो, वजनदार अशा अर्थानं.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाबांना उभं करून चालवायला शिकवत होता. पलंगापासून खिडकीपर्यंत जायचं होतं. बाबांची नजर सारखी खिडकीवर. तिथवर आपण पोचणार नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. उजवा पाय उचलायच्या आधीच घाम. तो मुलगा, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, त्यांच्या कमरेचा पट्टा धरून म्हणाला, "आजोबा, खिडकी विसरा. पुढची फरशी बघा. तिच्यावर पाय ठेवायचा, बस." बाबांनी मान खाली घातली. उजवा पाय फरफटत निघाला आणि फरशीच्या मधल्या रेघेपलीकडे जाऊन टेकला. मग डावा. मग पुन्हा थांबणं. मी दुसऱ्या बाजूनं त्यांचा हात धरला होता. त्या हातात येणारा भार, सुटणारा भार, पुन्हा येणारा भार मला जाणवत होता. चार फरशा झाल्या त्या दिवशी.

तेव्हापासून माझ्या प्रार्थनेचं रूप बदललं. आधी मी देवाला खिडकीबद्दल विचारत असे. बाबा बरे होतील का, नोकरी टिकेल का, पैसे पुरतील का. त्याची उत्तरं मिळत नसत आणि न मिळाल्यानं धास्ती वाढत असे. आता मी पुढची फरशी विचारते. या पाच मिनिटांत काय करू? या फोनला काय बोलू? आधी कोणतं काम? या प्रश्नांना बहुतेक वेळा उत्तर मिळतं, आणि ते इतकं साधं असतं की देवाचं म्हणायला संकोच वाटावा. थांब. पुन्हा वाच. विचार तिला. आत्ता नको, उद्या. बाबांकडे जा.

गीतेत अर्जुनाचीही मागणी आपल्यासारखीच आहे. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, "यच्छ्रेयः स्यान्निश्चितं ब्रूहि तन्मे", जे हिताचं ते मला नक्की करून सांग. त्या "निश्चितं" शब्दात त्याची सगळी घालमेल आहे. ताणाखाली असलेल्या माणसाला नक्की काय ते हवं असतं, चूक-बरोबरचा निकाल हवा असतो. आणि अठराव्या अध्यायात, एवढं सगळं सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण काय म्हणतात? "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. 700 श्लोकांच्या संवादाच्या शेवटाकडे निर्णय पुन्हा अर्जुनाच्याच ओंजळीत. मधे, दहाव्या अध्यायात, देव काय देतो तेही सांगितलंय: "ददामि बुद्धियोगं तम्". बुद्धी देतो. गायत्री मंत्राची मागणीही हीच, "धियो यो नः प्रचोदयात्". तो आमच्या बुद्धीला चालना देवो. लहानपणी तो मंत्र म्हणताना मला वाटायचं की आपण सूर्याकडे काहीतरी मोठं मागतोय. मागणं इतकंच आहे की माझं डोकं ठिकाणावर राहो, चालत राहो.

हे कळल्यावर माझ्यावरचं एक ओझं उतरलं. देवाच्या मार्गदर्शनाची वाट बघायची म्हणजे हात बांधून बसायचं, असा माझा समज होता. खरं तर माझीच बुद्धी मला परत मिळावी यासाठी ते मागणं असतं. भीतीनं ती माझ्याकडून काढून घेतलेली असते. ताण चढला की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं, ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, नजर आखडते. समोर लिहिलेलं दिसत नाही. 14 पानांच्या फाइलच्या वर मर्यादा लिहिलेली होती, ती मी तीन वेळा पाहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

गोळ्यांच्या डब्याची गोष्ट सांगते. दर रविवारी रात्री मी बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या भरते. सात खणांचा डबा, प्रत्येक खणात सकाळ-दुपार-रात्र असे तीन कप्पे. रक्त पातळ ठेवायची एक, रक्तदाबाच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक, आणि इतर. त्या रात्री ऑफिसचा एक अहवालही पूर्ण करायचा होता, म्हणून हात भराभर चालले होते. गुरुवारच्या खणापाशी आले आणि आत काहीतरी अडखळलं. शब्द नव्हता. उंबऱ्याला पाय लागावा तसं झालं. नेहमी डबा भरताना मी मनातल्या मनात नाम घेते, प्रत्येक गोळीला एक, आणि त्या रात्री घाईत ते सुटलं होतं, एवढंच त्या क्षणी लक्षात आलं. थांबले. पुन्हा नाम घेत सोमवारपासून एकेक गोळी काढून बघायला लागले. रक्तदाबाच्या गोळीची पट्टी नवी आणलेली होती. तीच कंपनी, तोच रंग, तेच नाव. मोबाइलचा टॉर्च लावून मागची चंदेरी बाजू तिरकी धरली तेव्हा आकडा दिसला. 25 च्या जागी 50 मिलिग्रॅम.

मी खूप वेळ ती पट्टी हातात धरून बसले. सकाळी दुकानात जाऊन ती बदलून आणली, डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि तेव्हापासून नवी पट्टी आली की आधी आकडा वाचायचा, जुन्या पट्टीशेजारी धरून. हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं मला. आतून आलेल्या "थांब"वर जीव टाकून चालणार नाही, दर वेळी तो येईलच असं नाही. जे एकदा दाखवलं गेलं ते पुढच्या वेळेसाठी सवयीत उतरवणं माझं काम आहे. त्याला अविश्वास म्हणू नये. हात धरून चालवणाऱ्यालाही आपण पाय उचलावेत असंच वाटत असणार.

"हे तर श्वासामुळे होतं," असं माझी एक मैत्रीण म्हणाली. ती डॉक्टर आहे आणि मला तिचं म्हणणं पटतं. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता, तिनंच मला त्याबद्दल सांगितलं. 23 निरोगी माणसांना कॅथलिक लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि "ॐ मणि पद्मे हुम्" हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला साधारण 6 पर्यंत संथ झाला, आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ राखणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली चालायला लागली. एकमेकांपासून हजारो मैल दूर वाढलेल्या दोन परंपरा, दोन भाषा, आणि एका ओळीला लागणारा श्वास जवळपास तेवढाच. हे ऐकून माझी श्रद्धा कमी झाली नाही, उलट गहिवरून आलं. शांत व्हायची वाट देवानं शरीरातच घालून ठेवली असेल, तर ती सापडल्यावर "म्हणजे देव नाहीच" असं मी कशाला म्हणू? विहिरीला झरा कुठून येतो ते कळलं म्हणून पाण्याची गोडी जात नाही.

पण एका गोष्टीत मी चुकले, आणि ती लिहिल्याशिवाय हे सगळं लिहिणं खोटं ठरेल.

माझा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. दादा दर महिन्याला पैसे पाठवतो, फोन करतो, बिलांबद्दल विचारतो. मला वाटायला लागलं होतं की त्याला फक्त बिलंच दिसतात. रात्री उठणं, कपडे बदलणं, बाबांचं चिडणं, यातलं काही त्याच्या वाट्याला नाही. एका रविवारी त्याच्याशी बोलायचं ठरवलं. फोन लावण्याआधी नेहमीसारखी शांत बसले. देवाला म्हटलं, काय बोलू ते सांग. आणि आत एकदम ठाम वाटलं. वाक्यं तयार होऊन आली, एकापुढे एक, धारदार. मनाची ती निश्चिती मी देवाचा होकार समजले.

फोनवर मी दादाला म्हणाले, "तुला फक्त हिशोब विचारता येतात. बाप इथे माझ्या एकटीचा आहे." आणखीही बरंच बोलले. पलीकडे तो गप्प होता. मग म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे त्याचा फोन आला नाही. पैसे आले, वेळेवर.

त्या तीन आठवड्यांत मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, की मी तर विचारून बोलले होते, मग हे असं का? इग्नेशियस लोयोला नावाच्या स्पॅनिश संताची हकिकत तेव्हा मला उपयोगी पडली. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक महिने अंथरुणावर पडून होता. वाचायला शूर सरदारांच्या कथा हव्या होत्या. घरात होतं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांची चरित्रं. मग तो दोन्ही प्रकारची स्वप्नं बघत पडायचा, कधी पराक्रमाची, कधी संतांसारखं जगण्याची. स्वप्न चालू असताना दोन्ही सारखीच रमवायची. फरक नंतर जाणवायचा. पराक्रमाची स्वप्नं ओसरली की मन कोरडं, असमाधानी व्हायचं, आणि दुसरी ओसरल्यावरही आनंद मागे उरायचा. पुढे त्यानं यातूनच आतल्या हाका पारखायची एक पद्धत घडवली. मन खचलेलं, अंधारलेलं असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये, असंही त्यानं बजावून ठेवलंय.

मी माझ्या त्या रविवारकडे या नजरेनं पाहिलं. बोलताना बरं वाटत होतं, फार बरं. फोन ठेवल्यावर तोंडाला कोरड पडली होती. आणि आणखी एक आठवलं. फॉर्मच्या दिवशी "बाबांकडे जा" हे मला नको असलेलं उत्तर होतं. गोळ्यांच्या रात्री "थांब" हेही नको असलेलं होतं. दादाशी बोलताना मात्र मला जे हवं होतं तेच मिळालं होतं, तयार वाक्यांसकट. देवाचं सांगणं नेहमी मनाविरुद्धच असतं असं मी म्हणणार नाही, कधी कधी ते इतकं गोड असतं की डोळे भरून येतात. पण ज्या सांगण्यात समोरचा माणूस लहान आणि मी मोठी होते, ज्याला घाई असते, ते मी आता लगेच खरं मानत नाही. एक रात्र जाऊ देते. दुसऱ्या कुणाला विचारते. माझ्यापुरतं सांगायचं तर देव दुसऱ्या माणसाच्या तोंडून बोलतो तेव्हा मला जास्त स्वच्छ ऐकू येतो. त्या फिजिओथेरपिस्टला कुठे ठाऊक होतं की "पुढची फरशी बघा" हे तो मलाच सांगतोय?

आणि काही दिवस काहीच ऐकू येत नाही. हेही सांगायला हवं, कारण अशा लेखांतून नेमकं तेच गाळलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. मी तळवे टेबलावर ठेवते, विचारते, आणि आत नुसता पंखा फिरल्यासारखा आवाज. अशा वेळी मी यादीतलं सगळ्यात जवळचं काम घेते आणि करते. कपड्यांच्या घड्या, एखाद्या ईमेलचं उत्तर, पाण्याची बाटली भरून ठेवणं. ते करताना एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण बाबांना चालवताना मी पाहिलंय की काही पावलं माझ्या हातावर काहीच भार न येता पडतात. मी हात सोडलेला नसतो. त्या क्षणी त्यांचा पाय त्यांचा त्यांनी उचललेला असतो, आणि मला त्याचा केवढा आनंद होतो हे त्यांना दिसत नाही, कारण त्यांची नजर फरशीवर असते.

दादाला फोन करायचं मी दोन आठवडे पुढे ढकलत होते. या काळात काय बोलू ते विचारलं की दर वेळी एकच शब्द यायचा आणि तो मला नको होता. शेवटी गेल्या रविवारी, गोळ्यांचा डबा भरून झाल्यावर, फोन घेतला. या वेळी एकही वाक्य तयार नव्हतं. घंटा वाजत होती तेव्हा बाबांच्या त्याच अभंगातली पुढची ओळ मनात आली, "बोलों जातां बरळ करिसी तें नीट". बोलायला जावं आणि भलतंच तोंडून निघावं, तर ते तू नीट करून घेतोस.

"बोल," दादा म्हणाला.

"दादा, मी चुकले." त्यापुढे मला काही सुचेना. घसा दाटला. तोही बोलेना. मग तो म्हणाला, "मला तिथं काय करायचं असतं तेच कळत नाही गं. म्हणून मी बिलं विचारतो. तेवढंच जमतं मला."

हे मला आठ महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

"बाबांना दे," तो म्हणाला. बाबा खुर्चीत बसले होते. मी फोन त्यांच्या डाव्या कानाशी धरला. दादा पलीकडून हळूहळू काहीतरी बोलत राहिला, बाबा ऐकत राहिले, आणि मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. शब्द अडकला. दुसराच आला. "खिडकी," ते म्हणाले. मग पुन्हा, जोर लावून, "खिडकी... चार... खिडकी." कपाळावर शीर उमटली. मी मधे पडून अर्थ सांगणार होते, की ते आता खिडकीपर्यंत चालतात, दिवसातून चारदा. तेवढ्यात पलीकडून दादाचा आवाज आला, फोन कानाशी नसूनही मला ऐकू आला.

"हो बाबा. येतो. शनिवारी येतो. मला चालून दाखवा."